माळवद ते डेक: घरामागच्या ओट्याचा अंदाज

बसमध्ये हेडफोन विसरलेल्यांसाठी आणि ऑफिसमध्ये गुपचूप वाचणाऱ्यांसाठी, नेहमीप्रमाणे या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेली अडखळ काढली आहे, बाकी सगळं तसंच आहे.

गेल्या महिन्यात शेवगाव तालुक्यातल्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. तो म्हणाला, "दादा, आजोबांचं जुनं घर उतरवलं. माळवदाचं होतं. त्यातलं लाकूड परसात रचून ठेवलंय. चुलते म्हणतात विकून टाकू. मी यूट्यूबवर डेक बांधायचे व्हिडिओ बघितलेत. घरामागे तसा डेक होईल का? किती लाकूड लागेल? आणि आपल्याकडं असलं काही कधी होतं का?"

तीन प्रश्न आहेत. शेवटच्यापासून सुरुवात करू, कारण आपण इतिहासवाले. आणि तिसऱ्याचं उत्तर मिळालं की पहिले दोन आपोआप सुटतात, असं मला हा भाग तयार करताना जाणवलं.

खड्डे शिल्लक राहतात

डेक म्हणजे काय? जमिनीपासून उचललेली, खांबांवर पेललेली लाकडी जमीन. म्हणजे पहिला प्रश्न खांबाचा.

आपल्या जिल्ह्यात खांबांचा पुरावा फार जुना आहे. प्रवरा नदीच्या काठी संगमनेर तालुक्यात जोर्वे नावाचं गाव आहे. तिथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झालं. या गावाच्या नावावरून एका अख्ख्या संस्कृतीला नाव मिळालं: जोर्वे संस्कृती, साधारण इसवी सन पूर्व १४०० ते ७००. त्याच प्रवरेवर पुढे नेवासे, जिथे १९५४ ते ५६ मध्ये ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोदकाम केलं. आणि श्रीरामपूर तालुक्यातलं दायमाबाद, जिथे १९७४ मध्ये ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडला. तो रथ तुम्ही पाठ्यपुस्तकात पाहिला असणार.

ब्राँझ टिकतं. लाकूड टिकत नाही. मग तीन हजार वर्षांपूर्वीचं घर कसं होतं हे कळतं कशावरून? खांबांच्या खड्ड्यांवरून. खांब जमिनीत पुरलेला असतो, तो कुजतो, त्या जागी वेगळ्या रंगाची भुसभुशीत माती भरते. उत्खनन करणारे हे गोल डाग मोजतात, त्यांच्यामधलं अंतर मोजतात, आणि घराचा आराखडा कागदावर उभा राहतो. श्रीगोंद्याच्या शेजारी, पुणे जिल्ह्यात घोड नदीवर इनामगाव आहे. तिथे याच पद्धतीने घरामागून घर ओळखलं गेलं.

यात आपल्यासाठी पहिला धडा आहे. घर म्हणजे आधी खांबांच्या जागा आणि त्यांच्यातलं अंतर. भिंत, छप्पर, फळी हे सगळं नंतर.

दुसरा धडा: मातीत पुरलेला खांब कुजतो, आणि तोही बुडापासून. पुढे आपल्या वाड्यांमध्ये यावर साधा आणि पक्का उपाय दिसतो. खांब जमिनीत पुरायचाच नाही. खाली घडीव दगड बसवायचा आणि त्यावर खांब उभा करायचा. त्या दगडाला म्हणतात तळखडा. जुन्या वाड्यात गेलात तर खांबाच्या पायाशी बघा. आज डेकच्या व्हिडिओत काँक्रीटचे छोटे ठोकळे दाखवतात ना, ते काम हेच: लाकूड ओल्या मातीपासून लांब ठेवणं.

काळी आणि पांढरी

आता माती. आपल्याकडं गावाच्या जमिनीचे दोन भाग मानायची पद्धत होती: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतीची जमीन. पांढरी म्हणजे गावठाण, जिथे घरं बांधायची.

हा नुसता रंगाचा भेद नाही. आपली काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा तुम्ही पाहिल्या असतील. अशा मातीवर खांब ठेवला तर तो पावसाळ्यात वर येतो आणि उन्हाळ्यात खाली बसतो. आणि सगळे खांब सारखे हलत नाहीत. एक हलला, शेजारचा नाही हलला, की फळ्या वाकल्या आणि खिळे उपटले.

म्हणून अंदाजाच्या वहीत पहिली नोंद लाकडाची नाही, खड्ड्याची. परसात एक खड्डा खणा आणि मुरूम किती फुटांवर लागतो ते बघा. दोन फुटांवर लागला तर सुटलात. पाच फुटांवर गेला तर पायाचा खर्च लाकडाच्या वर जाईल.

खणताना काय लागेल याचा नेम नसतो, हे पंडित नेहरूंनीही नगरमध्ये अनुभवलंय. १९४२ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेसच्या कार्यकारिणीला भुईकोट किल्ल्यात कैदेत ठेवलं. तिथे नेहरू बागकाम करायचे. माती वाईट, दगडगोट्यांची, जुन्या बांधकामांच्या अवशेषांनी भरलेली. खणता खणता जुन्या भिंती लागल्या, असं ते 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'मध्ये सांगतात. ते पुस्तक त्यांनी त्याच किल्ल्यात १९४४ मध्ये लिहिलं. तेव्हा गावठाणात खणताना जुनी जोती लागली तर घाबरू नका. ते पक्कं असेल तर पाया आयताच मिळाला. फक्त अर्धा ओटा जुन्या जोत्यावर आणि अर्धा नव्या भरावावर असं करू नका. तिथेच तडा जातो.

घर मोजायचं खणात

आता या भागातला माझा आवडता शब्द: खण.

चोळीचा खण वेगळा. हा घराचा खण. दोन तुळयांच्या मधली जागा म्हणजे एक खण. "त्यांचं पाच खणांचं घर होतं", "दोन खणांची खोली" असं आपली आजी-आजोबांची पिढी सहज बोलते. किती स्क्वेअर फूट असं विचारलं तर त्यांना सांगता येणार नाही, पण खण बरोबर सांगतील.

माळवद म्हणजे काय हे शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगतो. काही जण धाबं म्हणतात. मातीचं सपाट छप्पर. खाली लाकडी खांब. खांबांवर तुळई. तुळयांवर आडव्या कड्या. कड्यांवर किलचण, म्हणजे बारीक लाकडं, अगदी जवळजवळ. त्यावर पाला. त्यावर चिखल. आणि सगळ्यात वर पांढरी माती चोपून बसवलेली, पाणी न मुरणारी. उजेडासाठी आणि धुरासाठी मध्ये सवणं, आणि पाणी जायला पन्हळ. अकोल्याच्या डोंगरात धो-धो पाऊस, तिथे हे चालत नाही, तिथे उतरती छपरं. पण शेवगाव, पाथर्डी, जामखेड, कर्जतच्या कोरड्या पट्ट्यात माळवद शोभून दिसतं. वर मिरच्या वाळवायच्या, उन्हाळ्यात वर झोपायचं. म्हणजे बघा, डेकच की हा! फक्त घरामागे नाही, घराच्या डोक्यावर.

खणाची रुंदी कोण ठरवायचं? मालक नाही. लाकूड ठरवायचं. कडी जेवढी लांब आणि जेवढी जाड, तेवढाच खण. म्हणून खण साधारण पाच फुटांच्या आसपास सापडतो. चांगलं सागवान असेल तर थोडा मोठा, लिंब-बाभळीचं वाकडंतिकडं लाकूड असेल तर लहान. मोजायला सुताराकडं गज असे. २४ तसूंचा एक गज, १६ तसूंचा एक हात. मुंबई इलाख्याच्या कोष्टकात गज २७ इंचांचा आणि हात १८ इंचांचा. पुढे फूट आले. १९५६ च्या कायद्याने मीटर आले. पण वाळू-मुरूम आपण अजून ब्रासमध्येच घेतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. लक्षात ठेवा, लागेल.

खणाच्या हिशेबात एक खुबी आहे. खण मोजले की जागा कळते, पण लाकूड कळत नाही. दोन खण हवेत तर तुळया तीन लागतात. पाच खणांना सहा. मधली रिकामी जागा मोजून तेवढंच लाकूड आणलं की शेवटच्या दिवशी एक तुळई कमी पडते. आजही डेक बांधणारे जगभर हीच चूक करतात.

आता हिशेब

समजा डेक १० फूट बाय १२ फूट. लाकूड नवीन विकत आणायचं आहे असं धरू.

१० फुटांच्या बाजूचे दोन खण करा, पाच-पाच फुटांचे. तुळया तीन, प्रत्येकी १२ फूट. प्रत्येक तुळईखाली दर चार फुटांवर खांब. १२ फुटांत चार-चार फुटांची तीन अंतरं, म्हणजे खांब चार. तीन तुळयांना मिळून १२ खांब आणि १२ तळखडे.

तुळयांवर आडव्या कड्या, दर दीड फुटावर. १२ फुटांत आठ अंतरं, म्हणजे कड्या नऊ, प्रत्येकी १० फूट. एकूण ९० फूट लांबी.

वर फळ्या. सहा इंच रुंद, मध्ये पाव इंच फट. ही फट विसरू नका, तिच्यातून पाणी जातं आणि लाकूड फुगायला जागा मिळते. १० फूट म्हणजे १२० इंच. भागिले सव्वासहा. उत्तर येतं १९ आणि थोडं. थोडं म्हणजे पूर्ण एक फळी. तेव्हा २० फळ्या, प्रत्येकी १२ फूट.

घनफूट काढू. फळी एक इंच जाड धरली तर २० फळ्यांचे १० घनफूट. कड्या दोन बाय चार इंच, त्यांचे ५. तुळया चार बाय चार, त्यांचे ४. झाले १९. खांबांचं लाकूड उंचीप्रमाणे वेगळं. वर कापाकापीत जाणारं दहा टक्के. २१ घनफूट आणि खांब, असं वहीत लिहा.

लाकूड परवडत नसेल तर आपला दगडी ओटा आहेच. तेवढाच, १० बाय १२, दोन फूट उंच, भोवती दीड फूट जाड दगडी भिंत आणि आत मुरूम. इथे दुसरी नेहमीची चूक होते. चारही बाजू बाहेरून मोजतात, ४४ फूट. मग ४४ गुणिले दीड गुणिले दोन, १३२ घनफूट दगड. पण यात चारही कोपरे दोनदा मोजले गेले! भिंतीच्या मधोमध चालत मोजा. ३८ फूट भरतात. ३८ गुणिले दीड गुणिले दोन, ११४. म्हणजे १८ घनफूट जास्तीचे आले असते.

आतली जागा ७ बाय ९ बाय २, म्हणजे १२६ घनफूट. सव्वा ब्रास मुरूम मागवला तर मात्र कमी पडेल. सैल मुरूम पाणी मारून चोपला की दबतो. दीड ब्रासच्या थोडं वरच मागवा. दगडात चूक झाली तर पैसे जातात, मुरमात चूक झाली तर ट्रॅक्टरची दुसरी खेप.

पण मंडळी, या दोन्ही चुका पैशांच्या आहेत. आता तिसरी चूक, जिच्यासाठी मी हा भाग केला.

वजन कुणी मोजलं नाही

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनानंतरची पहाट. चार वाजायला काही मिनिटं होती. लातूर जिल्ह्यात किल्लारी आणि शेजारच्या गावांत भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसं गेली. भूकंपाची तीव्रता सहाच्या वर होती. एवढ्या धक्क्यात इतकी माणसं का गेली, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला.

उत्तरात माळवद होतं. आपल्यासारखंच, तसंच बांधलेलं.

माळवदाला दरवर्षी पावसाआधी वर मातीचा नवा थर द्यावा लागतो. जुना थोडा वाहून जातो, भेगा पडतात, घर गळतं. मग आणखी एक पाटी, आणखी एक थर. प्रत्येक वर्षीचा निर्णय बरोबर. थर दिला नाही तर घर गळेल, दिला तर घर थंडही राहील. खर्च फक्त मेहनतीचा. यात मूर्खपणा कुठेच नाही.

पण बेरीज करा. आपल्या १० बाय १२ च्या जागेवर एक इंच माती म्हणजे १० घनफूट. वजन साडेचारशे किलोच्या आसपास. फूटभर थर झाला की पाच टनांच्या वर. तिकडे कित्येक घरांवर थर दीड-दोन फुटांपर्यंत गेले होते. एका खोलीच्या डोक्यावर भरलेला ट्रक.

आणि खाली भिंती कशा? दगडाच्या, जाडजूड, मातीत बांधलेल्या. बाहेरून एक थर, आतून एक थर, मध्ये दगडगोटे आणि माती. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड नाहीत. धक्का बसला की दोन्ही थर सुटे झाले आणि भिंत कोसळली.

आता ऐका. नंतरच्या पाहणीत दिसलं की कित्येक ठिकाणी भिंती पडल्या, पण खांब-तुळयांचा लाकडी सांगाडा, म्हणजेच खण, उभा राहिला. जिथे छपराचं वजन नीट जोडलेल्या लाकडावर होतं तिथे माणसं वाचायची शक्यता वाढली. म्हणून पुढे घरं मजबूत करायच्या कामात सांगितलं गेलं: छपरावरची माती कमी करा, भिंतीत आरपार दगड घाला, खांब आणि तुळई तिरप्या लाकडाने जोडा.

म्हणजे पहिल्या सुताराचा अंदाज चुकला नव्हता. त्याने खण बरोबर मोजला होता. त्याच्या मागून पन्नास वर्षं थर चढत गेले आणि अंदाज कुणी पुन्हा केला नाही.

डेकलाही हेच लागू आहे. आज तुम्ही फळ्या मोजता. उद्या कुणीतरी त्यावर पाण्याची टाकी ठेवेल. हजार लिटरची टाकी म्हणजे हजार किलो, आणि तेही चार-पाच फुटांच्या जागेवर. परवा बारशाला वीस माणसं उभी राहतील, साठ किलोंनी १२०० किलो. त्यातले पंधरा फोटोसाठी एकाच कडेला! तेव्हा वहीत एक पान कोरं सोडा. त्यावर लिहा: यावर पुढे काय काय येऊ शकतं. आणि दर पावसाळ्याआधी ते पान उघडा.

तर मग, डेक होईल का?

मित्रा, होईल. पण क्रम उलटा कर. आधी डेकचं माप ठरवून मग लाकूड शोधू नको. आधी लाकूड बघ.

प्रत्येक कडीची दोन्ही टोकं तपास. भिंतीत गाडलेलं टोक ओलीने आणि वाळवीने खराब झालेलं असतं. हातोडीने ठोकून ऐक. खणखणीत आवाज आला तर चांगलं, बद्द आला तर तेवढं कापायचं. जुने खिळे काढ, नाहीतर करवतीचे दात जातील. कापून झालं की मग लांबी मोज. पाच-साडेपाच फुटांची कडी कदाचित साडेचार फुटांची राहील.

मग पाच फुटांचा खण होणार नाही. कडीची टोकं दोन्हीकडं तुळईवर नीट टेकली पाहिजेत, म्हणून चार फुटांचा धर. दोन खण, आठ फूट. डेक १० बाय १२ चा नाही, ८ बाय १२ चा. कड्या नऊ रांगांत दोन-दोन, म्हणजे १८. फळ्या २० ऐवजी १६. तुझं माप दोन फुटांनी कमी झालं, पण एकही नवी कडी विकत घ्यावी लागणार नाही. आणि हे ठरवायची पद्धत तुझ्या आजोबांच्या सुताराचीच आहे: खण लाकडाने ठरतो.

फळ्या मात्र घ्याव्या लागतील, कारण माळवदात किलचण असतं, फळ्या नसतात. एखादी तुळई जास्तीची निघाली तर ती गिरणीवर नेऊन चिरून घेता येते का बघ. खांबांखाली तळखडे जुन्या घराचेच असतील, ते दगड विकू नको.

आणि चुलत्यांना सांग, विकायचा निर्णय लाकूड मोजून झाल्यावर घेऊ. आत्ता त्यांनाही माहीत नाही की किती आहे, आणि तुलाही नाही. ढिगाकडं बघून केलेला सौदा नेहमी व्यापाऱ्याच्या सोयीचा असतो.

तुमच्याकडं कुणी अजून खणांत घर मोजतं का? घरी विचारा, "आपलं जुनं घर किती खणांचं होतं?" उत्तर रेकॉर्ड करा आणि पाठवा. शेवगावच्या डेकचं काय झालं ते कळलं की सांगेनच.

तोपर्यंत, ऐकत राहा. भेटू पुढच्या भागात.